जीवाश्म बुरशी-बीजाणूंचं नामकरण: गाळाच्या पिशवीपासून नोंदणी क्रमांकापर्यंत

गाळातले पराग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला बसलं की बऱ्याच स्लाइडवर परागांपेक्षा जास्त गर्दी बुरशीच्या बीजाणूंचीच दिसते. कुणी तपकिरी, कुणी काळपट, कुणी एका पेशीचा, कुणी चार-पाच पेशींचा. मोजणीच्या तक्त्यात मात्र या सगळ्यांच्या वाट्याला एकच रकाना येतो, ‘फंगल’. ठाणे आणि नवी मुंबईतल्या एमएस्सीच्या प्रकल्पांत हा रकाना हमखास असतो आणि त्यातला आकडा बहुधा सगळ्यात मोठा असतो. त्या एका रकान्याचे पोटरकाने कसे पाडायचे आणि प्रत्येकावर कुठलं नाव लिहायचं, हे इथे क्रमाने सांगतो.

मुळातली गोष्ट आधी. सुट्या जीवाश्म बीजाणूला नाव देताना आपण बुरशीला नाव देत नसतो, दिसणाऱ्या आकाराला देत असतो. तो बीजाणू कुठल्या बुरशीचा, ती कुठल्या पानावर किंवा शेणावर वाढायची, हे बहुतेक वेळा कळायला मार्ग नसतो. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू लांबी आणि डोकं पाहून वेगवेगळ्या खणांत ठेवतात, ते कुठल्या कारखान्यात झाले यावरून नाही. इथलं वर्गीकरण त्याच धर्तीचं आहे. हे मान्य नसलेला माणूस पहिल्याच आठवड्यात प्रत्येक स्लाइडवर ‘नवी जाती’ सापडल्याचं जाहीर करतो. माझं मत स्पष्ट आहे: नवं नाव हा शेवटचा उपाय. आधीची नावं इतकी आहेत की ती नीट वापरली तरी पुरतात.

या लेखात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. शास्त्रीय नावं इथे देवनागरीत दिली आहेत. अहवालात ती लॅटिन लिपीत, तिरप्या ठशातच लिहायची.

पहिलं काम: नमुना किती जुना?

बीजाणू कितीही जीर्ण दिसला तरी त्यावरून तो जीवाश्म ठरत नाही. शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार जीवाश्म आणि बिगर-जीवाश्म हा फरक मूळ ठिकाणच्या थरांच्या संबंधावरून ठरतो. थरांबद्दल शंका असेल तर बिगर-जीवाश्मांचे नियम लागू होतात. आपल्या भागात हा नियम रोज उपयोगी पडतो.

ठाण्याच्या खाडीचा गाळ घ्या. विटावा, ऐरोली, वाशीच्या बाजूला तिवरांखाली जो काळा चिखल आहे तो होलोसीनमधला, म्हणजे गेल्या काही हजार वर्षांतला. त्याच्या खाली मुरूम आणि मग काळा पाषाण. तो पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. येऊर किंवा पारसिकच्या डोंगरातला बेसॉल्ट फोडून त्यात बीजाणू शोधण्यात अर्थ नाही. लाव्ह्यात ते टिकत नाहीत. दोन लाव्हांच्या मध्ये साठलेला गाळ मात्र कामाचा. मुंबईत मलबार हिल आणि वरळीचे असे आंतर-लाव्हा थर बेडकांच्या जीवाश्मांसाठी १९व्या शतकापासून माहीत आहेत. आणखी दक्षिणेला, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात, जांभ्याच्या खाली मायोसीन काळातली (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीची) माती आणि लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, आहे. त्यात परागांबरोबर बुरशीचे बीजाणू आणि पानावरच्या बुरशीच्या ढालीसारख्या चकत्या सापडल्याच्या नोंदी आहेत.

याचा नामकरणावर सरळ परिणाम होतो. रत्नागिरीच्या लिग्नाइटमधल्या बीजाणूला जीवाश्म प्रजातीचं नाव द्यायचं. खाडीच्या चिखलातल्या बीजाणूला शक्यतो आजच्या बुरशीच्या प्रजातीचं नाव द्यायचं, आणि ते जमलं नाही तर प्रकार-क्रमांक. ॲमस्टरडॅमच्या ह्यूगो द व्रीस प्रयोगशाळेत बास फान गील आणि सहकाऱ्यांनी असे क्रमांक रूढ केले. ‘एचडीव्ही-११३’ म्हणजे स्पोरोर्मिएला, ‘एचडीव्ही-५५’ म्हणजे सॉर्डारियाच्या धाटणीचे बीजाणू, ‘एचडीव्ही-२०७’ म्हणजे ग्लोमस. क्रमांक ही संहितेतली नावं नव्हेत, पण त्यात एक सचोटी आहे: ‘आम्हाला हा आकार ओळखू येतो, याहून जास्त दावा नाही’ असं ते सांगतात. खाडीवर काम करणाऱ्यांनी जीवाश्म प्रजातींची नावं पाठ करण्याआधी हे क्रमांक पाठ करावेत.

नमुना मिळवण्याबद्दल दोन शब्द. खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, तिवरांना वेगळं संरक्षण आहे, आणि वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे पाईप ठोकायचा नाही. सोपा रस्ता वेगळाच आहे. नवी मुंबईत कुठे ना कुठे पायलिंग, म्हणजे पायासाठी खांब रोवणं, चालू असतं, आणि त्याआधी मातीची तपासणी होते. ‘मरीन क्ले’ लागलेल्या बोअरमधला यूडीएस, म्हणजे न ढवळलेला नमुना, चाचणीनंतर टाकूनच देतात. बोअरिंगवाल्याला नीट विचारलं तर तो खोलीच्या नोंदीसकट मिळतो. ढवळलेला नमुना फुकट मिळाला तरी घेऊ नका, कारण त्यात थरांचा संबंधच उरलेला नसतो.

प्रयोगशाळेतली चाळण

तयारीची पद्धत इतरत्र भरपूर लिहिलेली आहे, म्हणून नावावर परिणाम करणाऱ्या गोष्टीच सांगतो. वाळू आणि चिकणमाती घालवायला वापरतात ते हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं आणि माणसाचं हाडही. फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट), प्लास्टिकची भांडी आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर त्याला हात लावायचा नाही. घरच्या गॅलरीत तर अजिबात नाही. खाडीच्या मऊ चिखलासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड, सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आणि बारीक जाळी यांवर बरंच काम भागतं.

जाळीचं माप महत्त्वाचं. परागांसाठी १० मायक्रॉनची जाळी सर्रास वापरतात आणि बुरशीचे कित्येक बीजाणू त्याहून बारीक असतात. ते पाण्याबरोबर मोरीत जातात आणि अहवालात ‘लहान बीजाणू दुर्मिळ’ असं छापून येतं. जाळी बारीक घ्या, आणि अहवालात तिचं माप लिहा.

नायट्रिक आम्लाने बीजाणूंचा रंग उतरतो आणि ॲसिटोलिसिसने (आम्लांच्या मिश्रणात तापवण्याने) गडद होतो. म्हणून रंगावरून वेगळी जाती करायची असेल तर एक स्लाइड कुठल्याही ऑक्सिडीकरणाशिवाय करून ठेवावी. पातळ भिंतीचे रंगहीन बीजाणू या सगळ्यात टिकत नाहीत. टिकतात ते जाड भिंतीचे, काळसर रंगद्रव्य असलेले. जीवाश्म संग्रहात गडद बीजाणूंचा भरणा दिसतो तो बहुतांशी या गाळणीमुळे.

हा नक्की बीजाणूच आहे ना?

नामकरणाआधीची ही तपासणी सगळ्यात जास्त वेळ खाते, आणि खावीच.

परागाच्या भिंतीत थर असतात, खाचा किंवा छिद्रं ठरावीक मांडणीत असतात. नेच्याच्या बीजाणूवर तीन पायांची किंवा एका रेघेची खूण दिसते. बुरशीच्या बीजाणूची भिंत बहुधा एकसंध, तपकिरी असते आणि सॅफ्रॅनिनचा रंग ती फारसा घेत नाही. त्यामुळे रंगवलेल्या स्लाइडवर पराग लालसर आणि बुरशी तपकिरीच राहते. सुरुवातीला एवढ्यावर बरीच पाखडणी होते.

खाडीच्या गाळात एक खास फसवणूक आहे. फोरॅमिनिफेरा या समुद्री एकपेशीय जिवांच्या कवचाचं आतलं सेंद्रिय अस्तर आम्लातही टिकतं. ते तपकिरी असतं, गुंडाळीसारखं असतं आणि पहिल्या नजरेत गुंडाळलेल्या बुरशी-बीजाणूसारखं दिसतं. फरक कप्प्यांत. अस्तरात मधल्या गोल कप्प्यापासून बाहेर जाताना कप्पे मोठे होत जातात. बुरशीच्या गुंडाळीत पेशींची रुंदी जवळपास सारखी राहते आणि आडपडदे सरळ, रेखीव असतात. खाडीतल्या स्लाइडवर गुंडाळी दिसली की आधी फोरॅमिनिफेरा गृहीत धरा.

दुसरी फसवणूक ताज्या बुरशीची. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात मायक्रोस्कोपच्या भिंगावर बुरशी चढते, तर स्लाइडवर नमुना बसवायच्या ग्लिसरीन जेलीवर का नाही चढणार? आल्टर्नेरिया आणि कर्व्ह्युलेरिया या बुरशींचे बीजाणू हवेत असतातच. जेलीत फिनॉल घाला, स्लाइड सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, आणि दर खेपेला एक कोरा नमुना, म्हणजे माती न घालता फक्त रसायनं, सगळ्या प्रक्रियेतून काढा. त्या कोऱ्या स्लाइडवर जे दिसेल ते तुमच्या यादीतून संशयित. शंका आली तर लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू हा रंग वापरा: ताज्या बीजाणूतलं पेशीद्रव्य निळं होतं, जीवाश्माचा आतला भाग रिकामा असतो.

काय नोंदवायचं

एका बीजाणूसमोर बसून पुढच्या गोष्टी लिहा: पेशी किती; आडपडदे फक्त आडवे की उभेही; छिद्र आहे का, किती, कुठे; पृष्ठभाग गुळगुळीत, ठिपकेदार, रेघांचा की जाळीचा; भिंतीची जाडी; लांबी-रुंदी मायक्रॉनमध्ये; एकेकटे सापडतात की साखळीत. एकाच नमुन्यावर जाती उभी करू नका. २०-२५ नमुने मोजता आले तर बदलाचा पल्ला दिसतो आणि आपण वेगळे समजलेले दोन बीजाणू एकाच पल्ल्याची दोन टोकं निघतात.

यातला कठीण प्रश्न छिद्राचा. खरं छिद्र आणि तुटलेलं टोक यांत गल्लत झाली तर प्रजातीच बदलते. एक हजार पट मोठं करून, तेलाच्या भिंगाखाली फोकस वर-खाली करत टोकाकडे बघा. खऱ्या छिद्राची कड गोल आणि नितळ असते, बऱ्याचदा तिच्याभोवती भिंत थोडी जाड होऊन कडं झालेलं दिसतं. तुटलेल्या टोकाची कड खडबडीत, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती वेगवेगळ्या लांबीवर संपतात. तिसरी शक्यता अशी की बीजाणू आडपडद्यापाशीच मोडला आहे, आणि तो आडपडदा मध्यभागी छिद्र असलेला होता. मग टोक सपाट, रेखीव दिसतं आणि मधोमध भोक. अगदी शुद्ध एकछिद्री बीजाणू वाटावा असं. अशा वेळी त्याच स्लाइडवर अखंड भावंडं शोधा. टोकाच्या पेशी गोलाकार असलेले त्याच रुंदीचे बीजाणू सापडले तर आपल्या हातातला तुकडा आहे.

स्पोरोर्मिएला याचं उत्तम उदाहरण. शेणावर वाढणाऱ्या या बुरशीचा बीजाणू चार किंवा जास्त पेशींचा असतो, पण त्या पेशी सुट्या होतात आणि गाळात एकेक वेगळी सापडते. प्रत्येक पेशीवर तिरकी किंवा वळणदार चीर असते. जो चीर बघणार नाही तो तिला ‘एकपेशीय, छिद्ररहित’ म्हणून चुकीच्या खणात टाकेल, आणि गुराढोरांच्या वावराचा एक चांगला पुरावा हातचा जाईल.

साकार्डोचे खण

इटलीतल्या पादुआचे पिएर आंद्रेआ साकार्डो यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस जिवंत बुरशींसाठी बीजाणूंचे आकारगट पाडले. जिवंत बुरशींच्या वर्गीकरणातून ते आता बाजूला पडले, पण सुट्या जीवाश्म बीजाणूंसाठी अजून तेच सोयीचे आहेत. एकपेशीय तो अमेरोस्पोर, दोन पेशींचा डिडिमोस्पोर, आडव्या पडद्यांनी तीन किंवा जास्त पेशी झालेला फ्रॅग्मोस्पोर, उभे-आडवे दोन्ही पडदे असलेला डिक्टिओस्पोर, दोऱ्यासारखा स्कोलेकोस्पोर, गुंडाळलेला हेलिकोस्पोर, आणि हातपाय फुटलेला तो स्टॉरोस्पोर. या गटांच्या आत छिद्रांची संख्या आणि जागा पाहून प्रजाती ठरते. टी. फान डर हामेन यांनी १९५४ मध्ये, आर. टी. क्लार्क यांनी १९६५ मध्ये आणि विल्यम एल्सिक यांनी १९६८ पासून पुढे या कामाचा पाया घातला. शेफी आणि डिल्चर यांची १९७१ ची प्रजातींची भरही मोठी आहे.

रोज लागणाऱ्या प्रजाती थोड्याच आहेत. एक पेशी, छिद्र नाही: इनअपर्टिस्पोराइटीस. एक पेशी, एक छिद्र: मोनोपोरिस्पोराइटीस. एक पेशी, दोन छिद्रं: डायपोरिस्पोराइटीस. एका पेशीवर लांबट चीर असेल तर एल्सिक यांची १९९० ची हायपोक्सिलोनाइटीस. दोन पेशी, छिद्र नाही: डायसेलीस्पोराइटीस, दोन्ही टोकांना छिद्र असेल तर डायडोस्पोराइटीस. दोन पेशींच्या बीजाणूवर लांबीच्या दिशेने रेघा किंवा कंगोरे असतील आणि मधला पडदा जाड, गडद असेल तर राऊज यांची १९६२ ची फ्युसिफॉर्मिस्पोराइटीस. ही एकदा पाहिली की कुणी विसरत नाही. तीन किंवा जास्त पेशी एका ओळीत, छिद्र नाही: मल्टिसेलीस्पोराइटीस, एक छिद्र: प्लुरिसेलीस्पोराइटीस, दोन्ही टोकांना छिद्र: डायपोरिसेलीस्पोराइटीस. गुंडाळी असेल तर इन्व्होल्युटिस्पोरोनाइटीस. पेशींचा ओबडधोबड पुंजका असेल तर स्टॅफ्लोस्पोरोनाइटीस.

एक उदाहरण चालवून बघू. समजा, रत्नागिरीच्या लिग्नाइटमधला बीजाणू: गडद तपकिरी, ४२ मायक्रॉन लांब, १४ मायक्रॉन रुंद, आडवे पडदे तीन, म्हणजे पेशी चार. गट फ्रॅग्मोस्पोर. एका टोकाला कडं असलेलं छिद्र, दुसरं टोक गोल, अखंड. प्लुरिसेलीस्पोराइटीस लिहायला हात शिवशिवतो. थांबा, पेशींची रुंदी बघा. छिद्रापासून दुसऱ्या टोकापर्यंत रुंदी जवळपास सारखी असेल तर ठीक. पण एका टोकाची पेशी फुगलेली, गडद, आणि पुढच्या पेशी भराभर लहान आणि फिकट होत देठाकडे गेल्या असतील तर हा लँग आणि स्मिथ यांच्या १९७१ च्या ब्रॅकिस्पोरिस्पोराइटीसचा उमेदवार आहे. तिथे ज्याला आपण छिद्र म्हणतोय ती बीजाणू देठापासून सुटल्याची खूण असू शकते. मोजमापं तीच, नाव मात्र वेगळं. म्हणून पेशींची रुंदी एकेक करून लिहायची, नुसती एकूण लांबी-रुंदी पुरत नाही.

स्टॉरोस्पोरांमधलं फ्रास्नाक्रिटेट्रस लक्षात ठेवण्याजोगं आहे. चौकोनी-लांबट शरीर आणि त्यातून निघालेली पडदे असलेली चार शिंगं. आजच्या टेट्राप्लोआ बुरशीसारखं हुबेहूब. टॉगुर्दो यांनी १९६८ मध्ये त्याला नाव दिलं तेव्हा ते बुरशीचं नव्हे, ॲक्रिटार्क या अनोळखी सूक्ष्मजीवाश्मांच्या गटातलं समजलं गेलं. पुढे ते बुरशीकडे आलं, पण नाव बदललं नाही, कारण वर्गीकरण बदललं म्हणून नाव आपोआप रद्द होत नाही. लिग्नाइटमध्ये ते दिसलं तर फ्रास्नाक्रिटेट्रस. खाडीच्या चिखलात दिसलं तर टेट्राप्लोआ.

जातीपर्यंत जायचं की थांबायचं

प्रजाती मिळाल्यावर जातीसाठी जुन्या वर्णनांशी तुलना. कलगुटकर आणि यान्सोनियस यांचा २००० साली निघालेला जीवाश्म बुरशी-बीजाणूंचा सारसंग्रह हाताशी हवाच. प्रजाती-जातींची वर्णनं आणि चित्रं एकत्र तिथेच सापडतात. भारतीय नोंदींसाठी सक्सेना आणि त्रिपाठी यांनी २०११ मध्ये ‘द पॅलिओबॉटनिस्ट’मध्ये केलेलं संकलन पाहा. तुलना करताना वर्णनापेक्षा होलोटाइपचं, म्हणजे नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं आहे त्याचं, चित्र जास्त भरवशाचं. जुनी वर्णनं कधीकधी दोन ओळींची असतात आणि त्यांत निम्मे बीजाणू बसतात.

जुळलं नाही तर पर्याय आहेत. ‘एसपी.’ म्हणजे प्रजाती पक्की, जाती ठरवलेली नाही. ‘सीएफ.’ म्हणजे अमुक जातीशी तुलना करण्याजोगा, खात्री नाही. ‘ॲफ.’ म्हणजे तिच्या जवळचा पण बहुधा वेगळा. ‘प्लुरिसेलीस्पोराइटीस एसपी. १’ असं चित्र आणि मोजमापांसह छापलेलं काम कुणालाही पुढे वापरता येतं. घाईने केलेली जाती मात्र पुढच्या दहा जणांना निस्तरावी लागते.

जुन्या नावांचा गुंता कसा सुटतो त्याचा नमुना म्हणजे रेडुव्हिआस्पोरोनाइटीस. पेशींच्या साखळ्यांचा हा सूक्ष्मजीवाश्म विल्सन यांनी ओक्लाहोमाच्या पर्मियन (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकांतून १९६२ मध्ये वर्णिला. १९७९ मध्ये फॉस्टर यांनी ऑस्ट्रेलियातून कॉर्डेसिस्टिया आणि १९८० मध्ये बाल्म यांनी ग्रीनलंडमधून टिंपॅनिसिस्टा अशी नावं दिली. एल्सिक यांनी १९९९ मध्ये या तिन्ही एकच असल्याचं मांडलं. तसं मानलं की प्राधान्याच्या नियमाने १९६२ चं नाव उभं राहतं, बाकीची दोन समनामं (सिनोनिम, म्हणजे त्याच जिवाची दुसरी नावं) होतात. गंमत पुढे आहे: पर्मियनच्या शेवटी झालेल्या महाविनाशाच्या थरांत याची रेलचेल दिसते म्हणून मेलेल्या झाडांवर माजलेली बुरशी असा अर्थ काहींनी लावला, तर काहींनी ते शैवाल आहे असं म्हटलं. वाद कुणीही जिंको, नाव बदलायचं कारण नाही. शैवाल आणि बुरशी दोन्ही एकाच संहितेखाली येतात.

जिवंत बुरशीशी नातं जोडताना आणखी एक नियम. जिवंत प्रकारावर आधारलेलं नाव आणि जीवाश्मावर आधारलेलं नाव एकाच जिवंत गटाची समनामं ठरली, तर जिवंताचं नाव वरचढ, मग जीवाश्माचं नाव आधीचं असलं तरी. दुसरीकडे, २०११ च्या मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर ‘एक बुरशी, एक नाव’ हे तत्त्व २०१३ पासून जिवंत बुरशींना लागू झालं, पण जीवाश्मांना त्यात सवलत आहे. जीवाश्म नाव एखाद्या अवयवाचं, जीवनचक्रातल्या एखाद्या अवस्थेचं किंवा जतन होण्याच्या एखाद्या रूपाचं असू शकतं. म्हणून एकाच बुरशीचा बीजाणू, तंतू आणि फळ वेगवेगळ्या नावांनी नांदू शकतात.

नवं नाव द्यायचंच असेल तर

सगळं चाळून झालं, चांगल्या संख्येने नमुने आहेत, चित्रं स्पष्ट आहेत आणि कशाशीच जुळत नाही. मग पुढच्या अटी. एकही सुटली तर नाव वैध ठरत नाही. अटींच्या तारखा वेगवेगळ्या आहेत आणि जुनी नावं तपासताना त्याही लागतात. जीवाश्मांच्या नावांची सुरुवात ३१ डिसेंबर १८२० पासून धरतात. १९१२ पासून चित्र सक्तीचं. १९५८ पासून टाइप, म्हणजे नाव ज्याला बांधलेलं आहे तो नमुना, सांगणं सक्तीचं. १९९० पासून तो कुठल्या एका संस्थेत ठेवला आहे ते लिहावं लागतं. १९९६ पासून वर्णन किंवा ‘निदान’ (डायग्नोसिस, म्हणजे वेगळेपण सांगणारा थोडका मजकूर) लॅटिन किंवा इंग्रजीत हवं. मराठीत कितीही सुंदर वर्णन लिहिलं तरी तेवढ्याने नाव वैध होत नाही. २००१ पासून किमान एक चित्र टाइपचंच आहे असं स्पष्ट सांगावं लागतं. आणि २०१३ पासून, जीवाश्म धरून, प्रत्येक नव्या बुरशी-नावासाठी मान्य नोंदणीस्थळाचा क्रमांक मूळ लेखात छापलेला हवा. इंडेक्स फंगोरम, मायकोबँक आणि फंगल नेम्स ही ती स्थळं. शैवालांना ही अट नाही, त्यामुळे रेडुव्हिआस्पोरोनाइटीससारख्या वादग्रस्त गटात नवं नाव देणाऱ्याने आपण त्याला काय मानतो ते आधी ठरवावं.

टाइप हा जीवाश्म जातीसाठी नेहमी एक नमुनाच असतो. आपल्या बाबतीत तो स्लाइडवरचा एक बीजाणू. नुसता स्लाइड क्रमांक देऊन भागत नाही, कारण एका स्लाइडवर शेकडो बीजाणू असतात. इंग्लंड फाइंडरवरून (क्रमांकांच्या चौकटी कोरलेल्या काचपट्टीवरून) त्याचे निर्देशांक घ्या आणि स्लाइडच्या कोपऱ्यात बारीक खुणेचं वर्तुळ करा. मायक्रोस्कोपच्या मंचावरचे आकडे त्याच एका मायक्रोस्कोपला लागू असतात. तो भंगारात गेला की ते आकडेही गेले. भारतात बऱ्याच टाइप स्लाइड लखनौच्या बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थेच्या संग्रहात आहेत. महाविद्यालयाच्या कपाटात होलोटाइप ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. विभागप्रमुख बदलले, कपाट हललं, की त्याचा ठावठिकाणा संपतो.

नाव तयार करताना व्याकरण सांभाळा. ‘-इटीस’ने संपणाऱ्या प्रजाती पुल्लिंगी मानायच्या, जातिनामाचं लिंग त्याप्रमाणे. गावावरून नाव द्यायचं तर ‘-एन्सिस’ लावतात: रत्नागिरीएन्सिस चालेल. पण तेच जातिनाम त्या प्रजातीत आधी कुणी वापरलंय का ते पाहा. प्रजातीचं नवं नाव असेल तर ते शैवाल, बुरशी आणि वनस्पती या तिन्हींत कुठेच नसलं पाहिजे. स्वतःचं नाव देऊ नका. नियम आडवा येत नाही, पण लोक हसतात.

विद्यार्थ्यांसाठी शेवटची सूचना. १९५३ पासून विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात छापलेलं नाव, तिथे तसा स्पष्ट उल्लेख नसेल तर, प्रकाशित झालं असं मानत नाहीत. समाजमाध्यमांवर टाकलेल्या फोटोखालचं नाव तर नाहीच. २०१२ पासून आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेल्या पीडीएफला मान्यता आहे. म्हणून क्रम असा ठेवा: हस्तलिखित नियतकालिकात स्वीकारलं गेलं की नोंदणी क्रमांक घ्या, तो लेखाच्या अंतिम प्रूफमध्ये निदानाच्या वर टाका, स्लाइड संस्थेत जमा करून तिचा प्रवेश क्रमांक त्याखाली लिहा, आणि त्यानंतरच प्रूफवर सही करा.